उसनं खातं

तिच्या खात्यात पैसे टाकायचे नाहीत, हा आमच्या खोलीतला पहिला नियम होता. मी राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तो मला सांगितला. दुधाच्या पिशवीचे तिचे पैसे मी फोनवरून परत करायला निघाले होते, तर ती कॉटवरून उडी मारूनच आली.

"टाकू नको, टाकू नको! रोख दे. रोख नसतील तर ऱ्हाऊ दे."

"का गं?"

"माझं खातं खातंय," ती म्हणाली, आणि स्वतःच्या वाक्यावर स्वतःच हसली.

खोली शाहूपुरीत होती, एका फर्निचरच्या दुकानाच्या वर. कॉट बेसिस. दोन कॉट, एक टेबल, खिडकीत कपड्यांची दोरी, आणि खालून दिवसभर चढत राहणारा पॉलिशचा वास. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, रसायनशास्त्र घेऊन. घर पेठ वडगावला. आमचं भुसार मालाचं दुकान आहे. माझे वडील, म्हणजे आप्पा, महिन्याच्या एक तारखेला न चुकता माझ्या खात्यावर पैसे पाठवायचे, आणि पाठवले की फोन करून विचारायचे, "आलं का?" पैसे कुठून येतात आणि कधी येतात, याचा विचार मला त्यापलीकडे कधी करावा लागला नव्हता.

ती आजऱ्याकडची. एम.कॉम. करत होती. वडील ती लहान असतानाच गेले होते. आई काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायची. एकदा आई खोलीवर आली होती. तिच्या बोटांची टोकं काजूच्या तेलानं कायमची काळी पडली होती आणि पाण्याचा पेला ती बोटांनी नव्हे, दोन्ही तळव्यांत धरायची. घरून पैसे यायचा प्रश्नच नव्हता. उलट ही पाठवायची, जमेल तेव्हा.

ती साड्या नेसवायची. लग्नात नवरीला नऊवारी, करवलीला सहावारी, कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला पन्नास पोरींना एका सकाळी. आदल्या दिवशी साडी आणून, वाफेच्या इस्त्रीनं निऱ्या पाडून, पदर चिमट्यांनी पक्का करून ती घडी लांबट खोक्यात भरून द्यायची. हात इतका हलका की टाचणी लागली म्हणून कुणी ओरडल्याचं मी ऐकलं नाही. मंगळसूत्राखाली पदर कुठं बसला पाहिजे ते ती नवरीच्या खांद्याकडं नुसतं बघून सांगायची. लग्नसराईत तिला श्वास घ्यायला वेळ नसायचा. पितृपंधरवड्यात मात्र ती कॉटवर पालथी पडून छताच्या पंख्याशी बोलायची.

खातं खायला लागलं त्याची हकिगत तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. गिऱ्हाइकं फोनवर फोटो बघून ठरवतात, म्हणून तिनं बरा कॅमेरा असलेला फोन हप्त्यावर घेतला होता. हप्ता पाच तारखेला आपोआप कापला जायचा. मग अधिक महिना आला. लग्नं थांबली. पाच तारखेला खात्यात हप्त्यापुरते पैसे नव्हते, शंभर-दीडशे कमी पडत होते. हप्ता परत गेला. त्याचा बँकेनं दंड लावला, फायनान्स कंपनीनं वेगळा लावला. दोन दिवसांनी कंपनीनं पुन्हा मागणी टाकली, पुन्हा पैसे नव्हते, पुन्हा दोन्हीकडून दंड. पुढच्या महिन्यात तेच. खात्यात कापण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बँकेनं दंड तिच्या नावावर लिहून ठेवला. आता काहीही जमा झालं की आधी तो वळता व्हायचा. तिची शिष्यवृत्ती आली ती अशीच गेली. जमा झाल्याचा मेसेज आला म्हणून आईला सांगायला ती फोन लावत होती, तोवर कापल्याचा मेसेज आला.

ती शाखेत जाऊन भांडून आली होती. तिथल्या साहेबानं सांगितलं होतं, "मी कुठं लावलंय? सिस्टीम लावती."

"ओव्हरड्राफ्ट शिकलीयस काय तू?" तिनं मला एकदा विचारलं. मी रसायनशास्त्रवाली, मला काय माहीत. "कारखानदाराला देत्यात. खात्यात न्हाईत ते पैसे काढायची परवानगी. माझं बी तसंच हाय की. खातं वजा हाय. फकस्त परवानगी न्हाई, नि पैसे बी मी काढले न्हाईत."

तिचं बघत मला महिन्याचा एक वेगळाच चेहरा दिसायला लागला. माझ्यासाठी महिना एक तारखेला सुरू व्हायचा. तिचा महिना पाच तारखेकडं चालत जायचा. आठवडाभर आधीपासून ती बाकी राहिलेल्या गिऱ्हाइकांना फोन करायची. "काकी, ते बारशाचं ऱ्हायलंय बघा. न्हाई, घाई न्हाई, पण उद्या मिळालं असतं तर..." आवाज गोड, आणि फोन ठेवला की चेहरा एकदम म्हातारा. काकी म्हणायच्या, पाठवते की, नंबर दे. आणि ही म्हणायची, न्हाई काकी, मी येऊन रोखच नेतो. ती आमच्याकडच्या मुलींसारखीच 'जातो, येतो' बोलायची. मग दोन बस बदलून तीनशे रुपयांसाठी उचगावला जायची आणि काकी घरी नसायच्या.

म्हणून एका संध्याकाळी मीच म्हटलं, "माझं खातं वापर की."

मी जेवत होते. आम्ही जैन, मी दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे, आणि ती त्या वेळेला नुकती बाहेरून यायची, म्हणून आमचं बोलणं बहुधा माझ्या ताटावरच व्हायचं. ती पिशवी न ठेवताच उभी राहिली.

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक माझ्या खात्यावर पाठवील. चार तारखेला तुझा हप्ता मी त्यातनं थेट फायनान्स कंपनीला भरीन, दंडाचे तुझ्या खात्यात वेगळे टाकीन. बाकीचे लागतील तसे तू माझ्याकडून रोख घे."

तिनं पिशवी कॉटवर ठेवली. मग म्हणाली, "आप्पांना चालंल काय?"

"आप्पांना कशाला सांगायचं त्यात?"

मला तेव्हा काय वाटलं ते लख्ख आठवतं. छान वाटलं. माझ्याकडं असं काहीतरी होतं जे कुणाच्या तरी उपयोगाचं होतं, आणि ते देताना माझं काहीही कमी होत नव्हतं. माझ्या खात्याचा चौकोनी कोड आम्ही छापून घेतला आणि तिच्या साडीच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवला. पैसे पाठवताना गिऱ्हाइकाच्या फोनवर माझं नाव यायचं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "माझी पार्टनर हाय."

पहिलं वर्ष संपेपर्यंत एकही हप्ता चुकला नाही. तिचा जुना दंड आम्ही लग्नसराईत थोडाथोडा करत फेडून टाकला. शेवटचा तुकडा कापला गेल्याचा मेसेज आला त्या दिवशी तिनं मला कॉकटेल आइस्क्रीम खायला नेलं, आणि उंच पेल्यातलं तळाचं फळ चमच्यानं उकरता उकरता म्हणाली, "आता माझंच खातं वापरतो की. तुला किती दिवस तरास देऊ?"

मी म्हटलं, "राहू दे की. परत अधिक महिना आला तर?"

ते मी म्हटलं. तिनं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिला एक मोठं काम मिळालं. गावाबाहेरच्या एका हॉलवर लग्न होतं, नवरी धरून पंधराएक बायकांना साड्या नेसवायच्या होत्या. एकटीला जमणार नव्हतं, म्हणून टाचण्या धरायला मी गेले. सगळं आटपल्यावर नवरीचा मावसभाऊ हिशेब करायला आला. आमच्याच वयाचा, केसांना जेल, हातात दोन फोन. त्यानं कोडसमोर फोन धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "आलं काय बघा ताई. न्हाईतर परत म्हणशिला दिलं न्हाईत."

मी बघितलं. आले होते. सांगितल्यापेक्षा शंभर रुपये जास्तच होते.

त्यानंतर जेमतेम महिना गेला असेल. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं मी नोट्स काढून घेतल्या आणि पैसे द्यायला लागले, तर जाईनात. नेट नसेल म्हणून बाहेर रस्त्यावर जाऊन पुन्हा केलं. नाहीत. तिथूनच बँकेत गेले. वर्षाची फी भरायला आप्पांनी चारच दिवसांपूर्वी पैसे पाठवले होते, ते सगळे खात्यात होते.

काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी माझा नंबर टाकला, स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"खात्यावर होल्ड आहे. पैसे येतील, पण निघणार नाहीत."

"कशाबद्दल?"

"आम्ही नाही लावला. सायबर पोलिसांकडून आलाय." त्यांनी एका लांबच्या राज्याचं नाव घेतलं. मी तिथं कधी गेलेले नाही. तिथल्या कुणाला ओळखतही नाही. "तिकडं कुणाची तरी फसवणूक झालीय. ते पैसे चार-पाच खात्यांतून फिरत तुमच्याकडं आलेत." त्यांनी तारीख आणि रक्कम सांगितली. लग्नाचे पैसे. वरच्या शंभरासकट.

"पण ते कामाचे आहेत," मी म्हटलं. "साड्या नेसवल्याचे."

"तुम्ही नेसवता?"

"नाही. मैत्रीण."

"मग तुमच्या खात्यात का?"

मी सांगायला सुरुवात केली. अधिक महिना, हप्ता, दंड. माझ्यामागं रांग होती. बाईंनी मला मध्येच थांबवलं आणि पुढं वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "हे असं दुसरीकडं कुठं बोलू नकोस हं. आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देणं, यालाच गुन्हा धरतात."

त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या, त्यानं मला जास्त भीती वाटली.

खोलीवर आले तेव्हा ती एका पैठणीला इस्त्री करत होती. मी सांगितलं. तिनं आधी इस्त्री बंद केली, पैठणी घडी घालून बाजूला ठेवली, गिऱ्हाइकाची होती म्हणून, आणि मग जमिनीवर बसली.

"तुझी फी?"

"त्यातच आहे."

"माझंच खातं बरं होतं म्हण की," ती म्हणाली. "ते निदान मला एकटीलाच खात होतं."

त्या मावसभावाला आम्ही दुसऱ्या दिवशी गाठलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. आम्हाला बघून त्याला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

"तुमचं बी झालं काय?" तो म्हणाला. "माझं तर समदं खातं बंद हाय. गेमच्या अ‍ॅपवर जिंकलेलं पैसे हुतं ओ. कुणी पाठवलं, कुठनं पाठवलं, मला काय म्हाईत? लाखात अडकलेत माझं, नि तुमी ह्या पैशाचं काय घेऊन बसलाय?"

"ह्यात हिची फी हाय," ती म्हणाली.

"मग मी काय करू? तुमी काम केलं, मी पैसे दिलं, विषय संपला की."

"आम्हाला लिहून द्या. लग्नाचे पैसे हुते म्हणून सही करून द्या."

"सही?" तो हसला. "आता मी कशावरच सही करत न्हाई, पावणं."

त्या लांबच्या पोलीस ठाण्याचा नंबर बँकेतल्या बाईंनी दिला होता. पहिल्यांदा कुणीतरी उचलला आणि म्हणाला, मेल कर दीजिए. आम्ही केली. ती इंग्रजी मला नीट जमेना, तिनं वाक्यं पुरी केली. नवरीबरोबरचे फोटो, साड्यांची यादी, सगळं जोडलं. उत्तर आलं नाही. पुन्हा फोन केला तेव्हा वेगळाच माणूस होता. तो म्हणाला, खुद आना पड़ेगा. मी विचारलं, कधी? त्यानं फोन ठेवून दिला.

आप्पांना रविवारी घरी जाऊन सांगायचं मी ठरवलं होतं. त्याआधीच ते आले. आमच्या दुकानाचं खातं त्याच बँकेत, वडगावच्या शाखेत. तिथल्या साहेबांनी आप्पा भरणा करायला गेले तेव्हा चहा मागवून, दार लोटून सांगितलं होतं.

आप्पा त्या खोलीवर कधी आले नव्हते. दार वाजलं आणि ते उभे होते, पांढरा शर्ट, टोपी, हातात रिकामी कापडी पिशवी. एवढ्या जिन्यानं त्यांना धाप लागली होती. तिनं पटकन खुर्चीवरच्या साड्या उचलल्या. ते बसले. पाणी घेतलं. खोलीकडं, दोरीवरच्या कपड्यांकडं, इस्त्रीकडं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

"साड्या नेसवतेस ती तूच काय बाळ?" त्यांनी तिला विचारलं.

"व्हय आप्पा."

"आईला ठाऊक हाय, हे जे झालंय ते?"

"न्हाई."

"सांगू नको. तिच्या जिवाला घोर कशाला." मग ते माझ्याकडं वळले. "तू काय वाईट केलं न्हाईस. अडलेल्याला दिलंस. मी असतो तर मी बी दिलं असतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मिटलं.

"पण आता सामान भर," आप्पा म्हणाले.

मला कळलंच नाही आधी. तिला कळलं.

"आप्पा, चूक माझी हाय," ती म्हणाली. "हिचं वर्ष नका घालवू. मी दुसरीकडं ऱ्हायला जातो, आजच जातो. पैसे मी भरतो, कसं बी करून."

"पैशाचं कोण बोलतंय? फी मी आता रोख भरू शकतो." आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आपलं दुकान उधारीवर चालतंय, नि उधारी नावावर चालती. आज साहेबानं दार लोटून सांगितलं. उद्या दार उघडं असंल. पोलीस उद्या तपासाला आले, तर त्यांनी ह्या खोलीवर येऊ ने. माझ्या घरात यावं. मी असताना यावं. एवढंच." मग म्हणाले, "वरीसभर घरी ऱ्हाऊ दे तिला. हे मिटलं की बघू."

मी भांडायला हवं होतं, असं नंतर मला अनेकांनी सांगितलं. भांडायला समोर कुणी लागतं. आप्पा माझ्या बाजूनंच बोलत होते. ते माझी पुस्तकं त्यांच्या कापडी पिशवीत एकेक करून भरत होते, कोपरे दुमडू नयेत म्हणून काळजी घेत. ती माझी बॅग घेऊन खाली रस्त्यापर्यंत आली. रिक्षात बसताना मी तिला म्हटलं, फोन करते. तिनं मान हलवली. फर्निचरवाल्याचा माणूस दारात एका कपाटाला रंधा मारत होता, तो थांबून आमच्याकडं बघत राहिला.

पोलीस कधीच आले नाहीत. आमच्याकडं नाही, तिच्याकडं नाही, कुणाकडंच नाही. फीची मुदत गेली. मी घरी होते, आणि घरी असलेल्या मुलीला रिकामं बसवत नाहीत, म्हणून दुकानात गल्ल्यावर बसायला लागले. इचलकरंजीच्या एका घराशी माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं. ते त्याच सुमाराला थांबलं. कुणी कारण दिलं नाही. आईनं एकदा भाकरी थापता थापता म्हटलं, "कळलं असंल कुठनं तरी," आणि तो विषय आमच्या घरात तेवढ्यावर संपला.

ती दुकानात आली तो बाजाराचा दिवस होता. गर्दी होती. मी एका बाईंना तूरडाळीचे सुटे पैसे देत होते आणि मान वर केली तर ती समोर उभी होती, वाळलेली, केस तेल लावून घट्ट बांधलेले. तिनं माझ्याकडं बघून नुसतं हसल्यासारखं केलं आणि थेट आप्पांकडं गेली. पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यांच्यासमोर गादीवर ठेवली.

"फीएवढे न्हाईत आप्पा. पण घ्या. ऱ्हायलेले देतो."

आप्पांनी पिशवीला हात लावला नाही. पोत्याजवळच्या माणसाला चहा सांगितला. "कुठनं आणलंस?"

"इस्त्री विकली. खोकी, चिमटे, स्टँड, समदंच एका बाईला दिलं. तिला पार्लर काढायचं हाय."

आप्पांचा चेहरा मी गल्ल्यावरून बघत होते. "बाळ, हे पैसे मी कसं घेऊ?" ते म्हणाले. "आमचं पैसे गेलेत कुठं? बँकेतच हायत. आज न उद्या सुटतील. तुझ्याकडनं घेतलं तर मी दोनदा घेतल्यासारखं हुईल."

"मग मी काय करू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डाळ घेणाऱ्या बाई वळून बघायला लागल्या. "इस्त्री तर गेली."

"परत मिळत न्हाई का बघ."

"न्हाई मिळणार."

चहा आला. तिनं तो उभ्यानंच घेतला, गरम गरम, दोन घोटांत. पिशवी पर्समध्ये ठेवली. मी गल्ला सोडून बाहेर आले तोवर ती एस.टी. स्टँडच्या वाटेला लागली होती. मागं गिऱ्हाईक होतं, गल्ला उघडा होता. मी परत आत गेले. आप्पा तांदळाच्या पोत्यावर हात ठेवून बसले होते. चांगलं वागून माणूस असा हरलेला मी त्याआधी बघितला नव्हता. संध्याकाळी ते जेवले नाहीत. दिवस मावळून गेला म्हणाले, पण अजून उजेड होता.

पुढचं मला तिनं फोनवर सांगितलं, फार नंतर. इस्त्री नाही म्हणून कामं गेली, कामं गेली म्हणून पाच तारखा पुन्हा चुकायला लागल्या, पुन्हा दंडावर दंड. त्या पिशवीतले पैसे फायनान्स कंपनीलाच गेले. तेही पुरले नाहीत. कंपनीच्या माणसांनी तिनं अर्जावर दिलेल्या दुसऱ्या नंबरवर फोन केला. तो काजूच्या कारखान्यातल्या सुपरवायझरचा होता. त्यानं आईला सगळ्या बायकांदेखत बोलावून विचारलं, पोरगीनं काय केलंय? आई दोन दिवस कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी ही एम.कॉम. सोडून पुण्याला गेली, कुणाच्या तरी ओळखीनं, नोकरीला.

माझं खातं पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता सुटलं. कसं, ते कुणी सांगितलं नाही. एक मेसेज आला, बस. मी आणि आप्पा बँकेत गेलो. लग्नाचे पैसे तेवढे वळते करून घेतले होते, बाकी फीचे सगळे जसेच्या तसे होते. मेसेजच्या सेवेचे काही रुपये कापले होते. आणि मधल्या काळाचं व्याज जमा झालं होतं. आप्पांनी पासबुकात ती ओळ दोनदा वाचली. "व्याज दिलंय," ते म्हणाले, आणि पासबुक मिटून माझ्या हातात दिलं. कॉलेजचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही. मीही काढलं नाही. दुकानाची सगळी देवघेव तोवर माझ्याकडं आली होती, जीएसटीची कामंही मीच करत होते, आणि मला ती जमत होती. रसायनशास्त्राची पुस्तकं अजून माळ्यावर आहेत.

परवा तिचा फोन आला. आता तिच्याकडं दुसरा फोन आहे. ती पुण्यात एका वसुलीच्या ऑफिसात बसते. ज्यांचे हप्ते परत गेले त्यांना फोन करायचे, हे तिचं काम. पगार मात्र वेळेवर होतो, म्हणाली.

"काय बोलतेस त्यांना?"

"कागदावर लिहून दिलेलं असतंय. तेवढंच बोलायचं. त्येच्या भायेर बोललं की पगारातनं कापत्यात." मग म्हणाली, "काल एक पोरगी रडाय लागली. मी ऐकत बसलो. टार्गेट ऱ्हायलं माझं."

मागं दुसऱ्या मुलींचे आवाज येत होते, एकाच वेळी कितीतरी जणी एकच वाक्य म्हणत असल्यासारखे.

"तुला एक विचारू?" ती म्हणाली. "तुला माझा राग येतोय काय?"

मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं. इतक्या लगेच की तिनं पुढं काहीच विचारलं नाही. मला तिचा राग येत नाही, हे खरं आहे. पण त्या खोलीतल्या दिवसांची आठवण आली की गल्ल्यावरचे मोजत आलेले पैसे मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते, आणि त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. तिला मी यायला सांगितलं, वडगावला, दिवाळीत. येतो म्हणाली. मग तिची सुट्टीची दहा मिनिटं संपली आणि फोन बंद झाला.